डेस्कटॉप टीव्हीला जोडायचाय, बाबांना अनुस्वार दिसावा म्हणून

नौपाड्याची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न तांत्रिक आहे, पण थोडं घरचं सांगितल्याशिवाय नीट विचारता येणार नाही.

बाबा ७४ वर्षांचे. ठाण्यातल्या एका छापखान्यात त्यांची सगळी नोकरी मुद्रितशोधक म्हणून झाली. गेल्या वर्षापासून दोन्ही डोळ्यांना मॅक्युलर डीजनरेशन आहे. कडेचं दिसतं, पण जिथे नजर लावावी तिथेच धुरकट. डॉक्टरांनी सांगितलं की चष्म्याचा नंबर वाढवून आता फरक पडणार नाही. अक्षर मोठं करा आणि उजेड भरपूर ठेवा. भिंगानं वाचतात, पण हात हलतो आणि ओळ निसटते. परवा म्हणाले, "शब्द अंदाजानं कळतो गं, पण अनुस्वार आहे की नाही ते कळत नाही." ते ऐकल्यापासून मला चैन नाही.

घरात २०१२ चा डेस्कटॉप आहे, मॉनिटर साडेअठरा इंची. कॅबिनेटच्या मागे चित्राच्या वायरीसाठी निळं व्हीजीए आणि पांढरं डीव्हीआय अशी टोकं आहेत, एचडीएमआय नाही. टीव्ही ३२ इंची, एचडी रेडी, भिंतीवर. त्याला दोन एचडीएमआय आणि 'पीसी' लिहिलेलं एक निळं टोक आहे.

काल स्टेशनजवळच्या एका दुकानातून ३५० रुपयांची केबल आणली, एका बाजूला व्हीजीए, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय. लावली तर 'नो सिग्नल'. दुकानदार म्हणतो टीव्हीत फॉल्ट असेल. कोणती वायर घेऊ? अक्षरं स्वच्छ दिसतील का? की पैसे साठवून नवा मॉनिटरच घ्यावा?

ऐरोलीकर

टीव्हीत काही फॉल्ट नाही, ताई. व्हीजीएमधून येतो अॅनालॉग सिग्नल आणि एचडीएमआयला लागतो डिजिटल. मध्ये बदल करणारी चिप नसेल तर ती नुसतीच तार. केबल परत करा, पैसे मागून घ्या.

तुमच्या कॅबिनेटला डीव्हीआय आहे ना, मग डीव्हीआय टू एचडीएमआय घ्या. दोन्ही डिजिटल, चिप लागत नाही. फक्त आवाज त्या वायरीतून बहुधा येणार नाही, स्पीकर वेगळे लावावे लागतील.

कोपरीकर

माझं मत वेगळं आहे. साडेअठरा इंची मॉनिटरवर ठिपके साधारण १३६६ बाय ७६८ असतात, आणि ३२ इंची एचडी रेडी टीव्हीवरही तेवढेच. म्हणजे टीव्हीवर जास्त काही दिसणार नाही, प्रत्येक ठिपका फक्त पावणेदोन पट मोठा होईल. मॉनिटर तीन फुटांवरून दीड फुटावर आणा, अक्षर दुप्पट झालं. खर्च शून्य.

नौपाड्याची_लेक

@कोपरीकर, तो प्रयोग झाला. बाबा आधीच नाक टेकवून बसतात. पंधरा मिनिटांत मान आखडते आणि मग दिवसभर काही वाचत नाहीत. पडद्यासमोर खुर्चीत मोकळं बसून वाचता आलं पाहिजे.

वाशी_सेक्टर२९

मी डोळ्यांच्या क्षेत्रात काम करते म्हणून थोडं सांगते. कोपरीकर म्हणतात ते गणित बरोबर आहे, अंतर निम्मं केलं की डोळ्याला अक्षर दुप्पट वाटतं. पण दीड फुटावर वाचायला जवळचा चष्मा त्या अंतराचा हवा, नाहीतर अक्षर मोठं पण पुसट, असं होतं. काकांचा वाचनाचा चष्मा नेमका किती अंतरासाठी बनवलाय ते एकदा विचारून घ्या. पडदा दोन-अडीच फुटांवर ठेवणार असाल तर त्या अंतराचा चष्मा वेगळा करून मिळतो.

दुसरं, काळ्यावर पांढरं किंवा पिवळं अक्षर करून बघा. अनेकांना पांढऱ्या पडद्याची चकाकी जास्त त्रास देते. विंडोजमध्ये डावं अल्ट, डावं शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन एकदम दाबलं की रंग उलटे करायचं विचारतं. आणि विंडोजची कळ धरून अधिकचं चिन्ह दाबलं की भिंग उघडतं, त्यात हात हलायचा प्रश्नच नाही.

नेरूळकाकू

लेकी, किती छान करतेयस. पण एक विचारू? टीव्ही बाबांनी घेतला तर आईच्या मालिकांचं काय? 🙂

नौपाड्याची_लेक

@नेरूळकाकू, आईनं सकाळीच सांगितलंय, सात ते नऊ टीव्ही तिचा. बाकी वेळ बाबांचा. 😄

@वाशी_सेक्टर२९, खूप आभार. चष्म्याच्या अंतराचं आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

कळव्याचा_कारागीर

एकोणीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय, म्हणून ठामपणे सांगतो. ऐरोलीकर, तुमचा सल्ला एरवी अगदी बरोबर आहे, पण या टीव्हीला तो चुकेल.

एचडी रेडी टीव्हीच्या काचेवर ठिपके असतात १३६६ बाय ७६८. एचडीएमआयवरून जोडलं की बरेचसे टीव्ही कॉम्प्युटरला सांगतात, मला १२८० बाय ७२० दे नाहीतर १९२० बाय १०८० दे. दोन्ही मापं काचेची नाहीत. आलेलं चित्र टीव्ही ताणतो किंवा दाबतो. सिनेमात ते कळत नाही, अक्षरात लगेच कळतं. मराठीत तर जास्तच. शिरोरेखा एका ओळीत काळी असते, पुढच्या ओळीत राखाडी आणि दुप्पट जाड. अनुस्वाराचा ठिपका शेजारच्या मात्रेत विरघळून जातो. ताईंच्या बाबांना नेमकं तेच बघायचंय.

'पीसी' लिहिलेल्या निळ्या टोकातून मात्र १३६० बाय ७६८ हे माप बहुतेक वेळा सरळ मिळतं. १३६६ ला आठानं भाग जात नाही म्हणून १३६०. सहा ठिपके कडेला वाया जातात, पण काचेवरचा ठिपका आणि कॉम्प्युटरचा ठिपका एकास एक बसतो. आयबीएमनं १९८७ मध्ये आणलेलं टोक आहे ते, पण या जोडीला तेच औषध.

साधी व्हीजीए केबल, दोन्ही बाजूंना १५ पिना, तीन मीटरची घ्या. हातात जाड लागेल आणि टोकाजवळ फुगीर गाठ असेल अशी. आवाजासाठी साडेतीन मिलिमीटरची वायर कॅबिनेटच्या हिरव्या भोकातून टीव्हीच्या 'पीसी ऑडिओ इन'मध्ये. मग रिमोटवर पिक्चरच्या मेनूत 'ऑटो अॅडजस्ट' असतं, ते पडद्यावर भरपूर मजकूर उघडा असताना दाबा, रिकाम्या पडद्यावर नको. टीव्ही अक्षरांच्या कडा बघूनच वेळ जुळवतो.

ऐरोलीकर

डिजिटल सोडून अॅनालॉग घ्या हा सल्ला मला अजून पटत नाही. व्हीजीएत भुतासारखी सावली येते, वायर लांब असेल तर जास्तच. आणि एचडीएमआयवर १३६६ दाखवणारे टीव्हीही मी पाहिलेत. ताई, दोन्ही वायरी मिळून पाचशेच्या आसपास जातील. दोन्ही लावून बघा आणि बाबांनाच विचारा. निकाल त्यांचा.

कळव्याचा_कारागीर

हे मान्य. बाबांइतका चांगला परीक्षक नाही.

रात्रपाळी

मी डेस्कटॉप ५५ इंची टीव्हीला लावून गेम खेळतो. ज्यांच्याकडे नवं मशीन आहे त्यांच्यासाठी सांगतो: ग्राफिक्स कार्ड असेल तर एचडीएमआय कार्डालाच लावा, वर मदरबोर्डाच्या टोकाला नाही. 'नो सिग्नल'चं कारण बऱ्याचदा हेच असतं. शिवाय इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' आहे त्यात आतलं ग्राफिक्सच नसतं, त्यामुळे मदरबोर्डाचं टोक मुकं.

४के टीव्हीवर माउस जड वाटत असेल तर एचडीएमआय १.४ ची जोडणी आहे का बघा. त्यात ४के सेकंदाला ३० चित्रांवरच थांबतं, ६० साठी २.० लागतं. आणि टीव्हीत त्या इनपुटचं नाव 'पीसी' ठेवून बघा. काही टीव्ही नाव बदललं की रंग पूर्ण घ्यायला लागतात आणि काळ्या पाटीवरची लाल अक्षरं एकदम सुबक होतात.

खारघर_डोंगर

अवांतर, पण कुणाच्या तरी कामी येईल. फ्लॅटचं काम काढलं तेव्हा अभ्यासिकेतल्या डेस्कटॉपपासून हॉलच्या टीव्हीपर्यंत भिंतीतून १५ मीटरची एचडीएमआय टाकायची ठरवली. पाइप टाकला पाऊण इंची. केबलचं डोकंच त्यात जाईना! टाइल्स बसल्यानंतर कळलं. पुन्हा भिंत फोडून दीड इंची टाकला. मग साधी तांब्याची केबल घातली, १०८० वर चित्र आलं, ४के वर पडदा दर मिनिटाला काळा. शेवटी ऑप्टिकल एचडीएमआय घेतली, ती उत्तम चालते. पण तिला दिशा असते. एका टोकावर 'सोर्स' आणि दुसऱ्यावर 'डिस्प्ले' असं लिहिलेलं असतं. भिंतीत ओढण्याआधी ते वाचा आणि जमिनीवर पसरूनच एकदा चालवून बघा.

पाऊसवेडी

वायरीची एवढी कटकट कशाला? वायफायवरून करा ना.

कळव्याचा_कारागीर

@पाऊसवेडी, जुन्या डेस्कटॉपमध्ये वायफायच नसतं, वेगळा अॅडॅप्टर लागतो. आणि हवेतून पाठवताना चित्र दाबून पाठवतात, म्हणजे पुन्हा अक्षर पुसट. वर माउस हलवला की बाण अर्ध्या सेकंदानं हलतो. नजर अधू असलेल्या माणसाला बाण कुठे गेला हे शोधणं फार त्रासाचं असतं. फोटो दाखवायला वायफाय छान, वाचायला नाही.

नौपाड्याची_लेक

दोन्ही वायरी आणल्या. पण आज एक विचित्र झालं. टीव्ही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू होते, वायर लावताना कॅबिनेटचा पत्रा आणि टीव्हीचं टोक एकदम हाताला लागलं आणि बोटांत झिणझिण्या आल्या. जोराचा शॉक नाही, मुंग्या चावल्यासारखं. टोक टेकवताना बारीक ठिणगीही दिसली. हे नेहमीचं असतं का?

सोळा_गेज

ताई, थांबा. वायर लावू नका. दोन्ही बोर्डावरून बंद करा आणि प्लग काढून ठेवा.

वागळे इस्टेटला इलेक्ट्रिकचीच कामं करतो, म्हणून कळकळीनं लिहितो. तुमच्या त्या बोर्डाला अर्थिंग पोचत नाहीये. कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात, फेजकडून एक आणि न्यूट्रलकडून एक असे दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, खरखर गाळण्यासाठी. अर्थिंग असेल तर त्यातून झिरपणारा करंट मुकाट्यानं जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण वायर लावताना टोकाची पिन आधी टेकली तर तो टीव्हीच्या नाजूक भागातून जातो आणि ते टोक कायमचं मरतं. लोक मग म्हणतात, केबल लावली आणि टीव्ही गेला.

जुन्या इमारतींमध्ये हे फार दिसतं. बोर्डाला तीन भोकं असतात, वरच्या मोठ्या भोकामागे वायरच नसते. लायसनवाल्या वायरमनकडून तपासून घ्या. कुणी म्हणालं की न्यूट्रलवरून अर्थ उचलतो किंवा नळाला बांधून देतो, तर त्याला घरात घेऊ नका. न्यूट्रल कधी तुटला तर पूर्ण पत्रा फेजवर येतो. बाबांचा हात त्या कॅबिनेटवर असणार आहे.

काम झाल्यावर कॉम्प्युटर आणि टीव्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावा. आणि जोडताना टीव्हीची केबलवाल्याची गोल वायरही काढून ठेवा. ती इमारतीबाहेरून येते, तिचा अर्थ तुमच्या घरापेक्षा वेगळा असतो.

नेरूळकाकू

बाई गं, हे मला माहीतच नव्हतं. आमच्या सिडकोच्या घरात फ्रिजला हात लावला की असंच होतं. उद्याच बोलावते वायरमनला.

कोपरीकर

@सोळा_गेज, वाचनखूण साठवली. सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का?

सोळा_गेज

जरूर टाका. पावसाच्या आधी टाका.

रात्रपाळी

ताईंनी जोडल्यावर चित्र कडेनं कापलं गेलं, खालची पट्टी दिसेना असं झालं तर घाबरू नका. जुन्या डबा टीव्हीत कडा झाकायची पद्धत होती, ती एचडीएमआयवर अजून चालू राहते. रिमोटवर पिक्चर साइझमध्ये 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काही असेल, ते निवडा. आणि विंडोजची कळ नि पी दाबलं की कुठल्या पडद्यावर चित्र हवं ते विचारतं.

ऐरोलीकर

त्यात भर: टीव्हीची 'शार्पनेस' शून्याकडे न्या. दुकानात चित्र उठून दिसावं म्हणून ती वाढवलेली असते, आणि अक्षराभोवती पांढरी कड काढते. 'डायनॅमिक' मोडही बंद.

पाऊसवेडी

वायफायचं म्हणणं मागे घेते. माझी आजीही अशीच आहे, तिला वाचता येत नाही तर ऐकवता येईल का कशावरून?

वाशी_सेक्टर२९

@पाऊसवेडी, एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. त्यातला ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो. सूर यांत्रिक आहे, पण आठवडाभरात कान सरावतो. सुरुवातीला गती कमी ठेवा आणि पहिले दोन दिवस शेजारी बसा.

कोपरीकर

ताईंचं पुढे काय झालं? तीन आठवडे झाले.

नौपाड्याची_लेक

उशीर झाला, माफ करा. सविस्तर लिहिते.

वायरमन आले. हॉलच्या त्या बोर्डामागे अर्थिंगची वायरच नव्हती, अगदी सोळा_गेज म्हणाले तसं. त्यांनी मीटरपासून नवी हिरवी वायर ओढली. कॅबिनेटवर आधी टेस्टरचा दिवा मंद लागत होता, नंतर लागला नाही. आता हात लावला तरी काही नाही. दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

मग टीव्ही भिंतीवरून उतरवला. त्याचे पाय कुठे ठेवलेत ते कुणालाच आठवेना. माळ्यावर गणपतीच्या मखराच्या खोक्यात सापडले, स्क्रूसकट. टीव्ही आता टेबलावर आहे, बाबांच्या खुर्चीपासून अडीच फुटांवर, खिडकीकडे पाठ न येईल असा.

आधी डीव्हीआय टू एचडीएमआय लावली. टीव्हीनं १२८० बाय ७२० आणि १९२० बाय १०८० एवढंच दाखवलं. चित्र आलं, कडा कापलेल्या होत्या, त्या पिक्चर साइझमधून नीट झाल्या. बाबांनी एक परिच्छेद उघडायला सांगितला. बघितलं आणि म्हणाले, "शाई पसरल्यासारखी दिसतेय. कागद ओला होता का?"

मग सगळं बंद करून व्हीजीए लावली. १३६० बाय ७६८ मिळालं. आधी सगळं डावीकडे सरकलेलं होतं आणि अक्षरं थरथरत होती. पडदाभर मजकूर उघडून 'ऑटो अॅडजस्ट' दाबलं. दोन सेकंद चित्र हललं आणि जागेवर बसलं. शार्पनेस शून्य, काळ्यावर पिवळं अक्षर, दोनशे टक्के. बाबा काही बोलले नाहीत. खुर्ची थोडी मागे घेतली, मग मान किंचित डावीकडे वळवली, कारण त्यांना कडेच्या नजरेनं वाचावं लागतं. ओठ हलायला लागले. प्रूफ वाचताना हलायचे तसे. मी आणि आई दारात उभ्या.

पाच मिनिटांनी मला हाक मारली. त्या बातमीत 'नीती'तला ती ऱ्हस्व छापला होता आणि एका 'त्यांना'वर अनुस्वारच नव्हता. "पेन्सिल आण," म्हणाले. पडद्यावर खूण करता येत नाही हे सांगितल्यावर वही मागितली. आता रोज सकाळी पेपर वाचतात आणि चुका वहीत उतरवतात. वहीतलं अक्षर तीन बोटं उंच आहे, पण ओळ सरळ जाते.

ऐरोलीकर, दोन्ही वायरी आणायचा सल्ला तुमचा, म्हणून फरक डोळ्यांनी दिसला. कळव्याच्या दादांचं निदान बरोबर ठरलं. चष्माही अडीच फुटांचा करायला टाकलाय.

ऐरोलीकर

व्हीजीए जिंकलं याचा मनापासून आनंद झाला. काकांना नमस्कार सांगा.

कळव्याचा_कारागीर

'शाई पसरल्यासारखी' हे एकोणीस वर्षांत कुणी इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. ताई, शक्य असेल तर क्लिअरटाइपही एकदा जुळवा, विंडोजमधली अक्षरं सुबक करायची सोय आहे ती. स्टार्टमध्ये सीटीट्यून लिहिलं की उघडतं. एकामागून एक नमुने दाखवतं, बाबांनाच निवडू द्या.

नेरूळकाकू

वाचून डोळे भरून आले गं. आणि आईच्या मालिका?

नौपाड्याची_लेक

@नेरूळकाकू, सात वाजता आई रिमोटवर सोर्स बदलते, बाबा वही मिटतात. कालपासून बाबाही बसतात बघायला. मालिकेची नावं येतात त्यातल्या चुका काढतात.

@कळव्याचा_कारागीर, क्लिअरटाइप आज रात्री करते. एक शेवटचं विचारायचं राहिलं: कीबोर्डची वायर टेबलापर्यंत कशीबशी पोचते, ताणली जाते. यूएसबी एक्स्टेंशन किती लांब चालेल?

कळव्याचा_कारागीर

तीन मीटरपर्यंत बिनधास्त, पाचच्या पुढे नको. आणि बाबांसाठी काळ्या कळांवर मोठी पिवळी अक्षरं चिकटवायचे स्टिकर मिळतात. देवनागरीतलेही मिळतात, माझ्याकडे एक संच पडून आहे. कळव्याला आलात तर घेऊन जा.

नौपाड्याची_लेक

रविवारी येते. बाबाही येतो म्हणतायत.